सोपो भरा आणि बसा

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, हे गोव्यातल्या बार्देशात कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी सकाळी बसमधून मालाच्या पाट्या उतरायला लागतात, पेडण्याकडून, डिचोलीकडून, आणि हो, आमच्या बांद्या-दोडामार्गाकडूनही, मध्ये गोवा-महाराष्ट्राची हद्द आहे पण ती कागदावर, वालीच्या शेंगांना काय त्याचं.

एका बाईची ही पाटी बघा जरा. दोन फण्या मयडे गावची केळी, थोडी कोकमाची सोलं, चार नारळ, तांबड्या भाजीच्या जुड्या, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली सुकी मिरची. संपला माल. आता हा घेऊन ती सुपरमार्केटात गेली तर दारातूनच परत पाठवतील, त्यांना सगळी केळी एका मापाची पाहिजेत, दर आठवड्याला पाहिजेत, वर बिल पाहिजे आणि पैसे मात्र नंतर. होलसेलवाला तर क्रेटच्या खाली बोलतच नाही. इथे काय, नगरपालिकेचा सोपो भरायचा, म्हणजे बसायच्या जागेची पट्टी, की बसलात. पाटीभर माल असलेल्या माणसाला उभं करणारी जागा ही, सार्वजनिक बाजार कशासाठी असं कुणी विचारलं तर आमचं बोट तरी या पाटीकडेच जाईल.

कारण परसातलं पीक असंच येतं ना, थोडं थोडं. मयड्याच्या केळीला 2021 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हरमलच्या मिरचीलाही त्याच सुमारास, काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला 2020 मध्ये. छान झालं. पण सर्टिफिकेट रोप लावायला येत नाही, रोप लावते ती बाई, आणि ती लावते कारण मिरची विकली जाते हे तिला माहीत असतं. खोल्याची मिरची तर डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावरच होते, बी ठेवणारी तीच, लावणारी तीच, विकणारीही तीच, मधला कुणी नाही. गिऱ्हाईक तुटलं की दोन-चार पावसाळ्यांत बीही गेलं समजा.

खरी मजा मे महिन्यात. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मिरच्या, सोलं, आगरातलं मीठ, सुकं मासं, सगळं चार महिन्यांचं एकदम, फ्रिज घरोघरी आले तरी ही खरेदी काही थांबलेली नाही. मग पाऊस लागला की तायकिळो, म्हणजे टाकळ्याची भाजी, येतो, आणि आळमी, म्हणजे रानातली अळंबी! वारुळावर उगवणारी, लागवड करून मिळत नाहीत, पानावर थोडीशी मांडलेली असतात आणि भाव ऐकून माणूस मागे सरकतो, पण तरी घेतोच.

आता बाजारात सगळंच असं आहे का? नाही. रोजची भाजी बरीचशी बेळगावहून येते, आणि तिच्याबद्दल तक्रार नाही, ती नसती तर गोव्याचं ताट अर्धं रिकामं राहिलं असतं. अडचण जागेची आहे. रोज बसणाऱ्याला शेडखालची जागा मिळते, आठवड्यातून एकदा येणारी बाई कडेला उन्हात, आणि सोपो तिलाही चुकत नाही. हे आम्हाला काही पटत नाही. त्यात 'गावठी, गावठी' असं सगळेच ओरडतात. ओळखायचं कसं? ढीग बघा. एकाच वस्तूचा मोठा ढीग असेल तर तो टेम्पोतून आलाय, पाच-सहा गोष्टींचे लहान लहान वाटे असतील आणि त्यातलं एखादं वांगं जरा वाकडं असेल तर खुशाल बसा तिथे.

बारा वाजेपर्यंत चांगला माल उठतो. पाटी रिकामी झाली की तीच बाई इथेच तेल, साखर, पोरांच्या वह्या घेते, सकाळच्या पैशांतले निम्मे तरी बाजारातच मोडतात आणि मग बस पकडते.

घासाघीस करायची तर करा, कुणी अडवत नाही. ती फक्त 'जाय जाल्यार घे', म्हणजे हवं तर घे, म्हणेल आणि तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघेल.