डासांचे शत्रू पाण्यात शोधा

मंडळी, डास खाणारा प्राणी कोणता असं विचारलं की बहुतेक जण पहिलं नाव वटवाघळाचं घेतात. तासाला शेकडो डास फस्त करतं म्हणे. या आकड्याचं मूळ १९६० च्या एका प्रयोगात आहे. डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत भरपूर डास सोडले, त्यात वटवाघळं सोडली. ती मिनिटाला साधारण १० डास पकडतात, असं दिसलं. पुढे लोकांनी त्याला साठने गुणलं आणि तो आकडा जगभर फिरला. मोकळ्या हवेत मात्र वटवाघळांना पतंग मिळतात, भुंगेरे मिळतात. ती डासही खातात, पण त्यांच्या पोटात डासांचा वाटा बहुधा थोडाच असतो. वटवाघळं जपायलाच हवीत, फक्त डासांचं काम त्यांच्यावर सोपवून निर्धास्त राहू नका.

पंख फुटलेला डास चहूकडे पांगतो, त्याला कोण कुठे गाठणार? अळी मात्र एवढ्याशा पाण्यात कोंडलेली असते. हवा उबदार असेल तर अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्या दिवसांत तिला गाठणारे शिकारी मला सर्वांत मोलाचे वाटतात.

चतुर उडताना आपण पाहतो, पण त्याचं बालपण पाण्यात जातं. तळाशी गाळात किंवा पाणवनस्पतीला चिकटून त्याचं पिल्लू निश्चल बसतं. खालचा ओठ दुमडून डोक्याखाली घेतलेला असतो, टोकाला दोन आकडे. डासाची अळी वळवळत टप्प्यात आली की तो ओठ सपकन पुढे येतो, अळीला पकडतो आणि तोंडाशी आणतो. डोळ्यांना हालचाल नीट दिसतसुद्धा नाही. एकदा तरी काचेच्या भांड्यात हे बघाच.

पाण्यात उताणा पोहणारा एक किडा आहे, तोही अळ्यांवर तुटून पडतो. गंमत म्हणजे काही जातींच्या डासांच्या माद्यांना त्याचा रासायनिक माग लागतो आणि त्या पाण्यात अंडी घालायचंच टाळतात. शिकार न करताही नुसत्या असण्याने तो उपयोगी पडतो!

त्याहून लहान, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव म्हणजे मेसोसायक्लॉप्स. नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या तो खातो. व्हिएतनाममध्ये पाणी साठवायच्या टाक्यांत हे जीव सोडले आणि लोकांनी पाणी साचणाऱ्या टाकाऊ वस्तू उचलल्या. अनेक गावांतून डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास नाहीसा झाला. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या, हे विसरू नका.

माशांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गप्पी किंवा गांबुसिया मासे अळ्या खातात, हे खरं. पण गांबुसिया हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. जिथे तो परका म्हणून गेला, अशा अनेक ठिकाणी त्याने स्थानिक माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडी-पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. बंद हौदात कोणते मासे सोडायचे ते जाणकाराला विचारा. तळ्यात, ओढ्यात परके मासे कधीही सोडू नका.

घरातही मदतनीस आहेत. दिव्याजवळची पाल, भिंतीवर टुणकन उडी मारणारे छोटे कोळी. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास कोळ्याची एक जात तर रक्त प्यायलेल्या डासाच्या मादीलाच पसंती देते. घरभर ऊठसूट कीटकनाशक फवारलं की डासांबरोबर हेही मरू शकतात. डास काही दिवसांत पुन्हा वाढतात. शिकारी मात्र इतक्या लवकर परतत नाहीत: चतुराच्याच पिल्लाला मोठं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

आणि कुंडीखालची ताटली, जुना टायर, बादलीचा तळ? तिथे यांतलं बहुधा कोणीच पोचत नाही. एडिस इजिप्तीला नेमक्या अशाच जागा आवडतात. ते पाणी आठवड्यातून एकदा ओता आणि कडा खरवडून घासा, कारण तिथे चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात.