उसवता आले पाहिजे

श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘स्वतःच्या हातची पहिली भेट : काय शिवावे, काय विणावे’ असा छापला आहे आणि त्या प्रश्नाचे उत्तर मी देणारच आहे. परंतु गेली कित्येक वर्षे मनात घर करून बसलेला एक विचार आधी तुमच्यापुढे मांडू द्या, कारण तो मांडल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ येणार नाही. माझे म्हणणे असे आहे की शिवण आणि विणकाम शिकणाऱ्याला टाका घालायला शिकवण्याच्या दिवशीच तो उसवायला शिकवला पाहिजे, आणि पहिली भेटवस्तू निवडताना ती किती सुंदर दिसेल यापेक्षा तिच्यात झालेली चूक किती सहज परत घेता येईल, हे पाहिले पाहिजे.

या मताला एक जुनी तक्रार कारणीभूत आहे. मी ज्या वर्गात विणकाम शिकले, तेथील बाई अत्यंत प्रेमळ होत्या. त्यांचा हात इतका सफाईदार होता की त्यांच्या सुयांकडे पाहताना टाका कोठे सुरू झाला आणि कोठे संपला ते कळत नसे. आमच्यापैकी कोणाचा टाका सुटला, किंवा सुलट टाक्याच्या जागी उलट पडला, की आम्ही काम त्यांच्याकडे नेत असू. त्या ते हातात घेत, दोन मिनिटांत पूर्ववत करीत आणि हसून परत देत. आम्हाला त्यात त्यांची माया दिसत होती आणि ती खरीही होती. पण सहा महिने शिकूनही माझ्या हातून चूक झाली की ती नेमकी कोणत्या ओळीत आहे, हे मला सांगता येत नव्हते. मला टाके घालता येत होते, वाचता मात्र येत नव्हते.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला बाळ होणार होते आणि त्याच्यासाठी स्वेटर विणायचा असे मी ठरवले. नमुन्याच्या पुस्तकात छातीचा घेर 50 सेंटिमीटर दिला होता, त्यासाठी मागचा आणि पुढचे भाग मिळून 110 टाके सांगितले होते, आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘10 सेंटिमीटरांत 22 टाके’ असे लिहिले होते. ती बारीक ओळ मी वाचली, पण ती माझ्यासाठी लिहिली आहे हे मला उमगले नाही. माझा हात सैल होता. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरांत 18 टाकेच बसत होते, त्यामुळे तेच 110 टाके माझ्या हातून 61 सेंटिमीटरांचे झाले. आता येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रुंदीची सूचना पुस्तकात टाक्यांच्या संख्येत असते, आणि लांबीची सूचना बहुतेक वेळा ‘इतके सेंटिमीटर होईपर्यंत विणा’ अशी असते. म्हणून रुंदी फसली आणि लांबी मात्र टेपने मोजून अगदी बरोबर आली. जे तयार झाले ते मोठ्या मुलाचा स्वेटर म्हणून ठेवून द्यावे असेही नव्हते, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या अंगाइतका रुंद आणि तान्ह्या बाळाच्या अंगाइतका आखूड असा तो आकार कोणत्याच वयाला बसणारा नव्हता.

वर्गात सर्वांनी माझी समजूत घातली की एवढे कष्ट केले आहेत तर आता द्यावा, बहीण काही म्हणणार नाही. बहीण काही म्हणाली नसती, हे मलाही ठाऊक होते, आणि नेमके तेच मला सहन होत नव्हते. तो स्वेटर घेऊन मी आत्याकडे गेले. आत्याने तो उलटसुलट करून पाहिला, खांद्याची शिवण कोठे आहे ते बोटाने चाचपले आणि एवढेच विचारले, “लोकर चांगली आहे की गं, मग रडतेस कशाला? कात्री आण.”

पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही तो स्वेटर उसवला. प्रथम भाग जोडणारी शिवण, मग बाह्या, मग पाठ. टाके जेथे बंद केले होते तेथूनच धागा ओढायचा, कारण सुरुवातीच्या कडेने ओढू गेल्यास वीण सुखाने सुटत नाही आणि कडेला अडकत राहते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. आत्याची एक अट होती : पुढची ओळ ओढण्याआधी त्या ओळीत काय चुकले आहे ते मी मोठ्याने सांगायचे. “येथे टाका पिळला आहे”, “येथे एक टाका वाढला आहे, मी धागा चुकून पुढे ठेवला होता”, “येथे दोन टाके एकत्र गेले आहेत”. सुलट बाजूला टाक्याची टोके खाली जुळलेली दिसतात आणि उलट बाजूला आडवी गाठ दिसते, हे वर्गात फळ्यावर काढून दाखवले होते. पण प्रत्येक टाका आपल्या खालच्या टाक्याच्या पोटातून बाहेर आलेला असतो आणि वरचा ओढला की खालचा पुन्हा मोकळा उभा राहतो, हे मी त्या संध्याकाळी बोटांनी पाहिले. त्या तीन दिवसांत मी सहा महिन्यांपेक्षा अधिक शिकले, हे मी आजही ठामपणे सांगते.

उसवलेली लोकर कुरळी झाली होती. आत्याने ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी केली, ती चार ठिकाणी सुताने सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि न पिळता, खाली थोडे वजन लावून सावलीत वाळत घातली. दुसऱ्या दिवशी ती लोकर जवळजवळ नव्यासारखी सरळ झाली. मग मी 10 सेंटिमीटरांचा चौकोनी नमुना विणला, तो धुतला, वाळवला, मोजला, बारीक सुया घेतल्या, दुसरा नमुना विणला, आणि त्यानंतर स्वेटरला हात घातला. तो स्वेटर बाळाला बरोबर बसला.

(येथे अध्यक्षांकडून पहिली चिठ्ठी आली आहे. मी लवकर मूळ विषयाकडे वळते, मात्र एक गोष्ट येथेच सांगायला हवी.)

सगळीच वीण अशी उसवत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे उत्खननात सापडलेले लाल लोकरीचे पायमोजे आहेत. ते सन 250 ते 420 या काळातले मानले जातात, आणि वहाणेचा अंगठा घालता यावा म्हणून त्यांचा पुढचा भाग दुभंगलेला आहे. पाहणाऱ्याला ते दोन सुयांवर विणलेले वाटतात, परंतु ते नालबिंडिंग नावाच्या एकसुई पद्धतीने केलेले आहेत. त्या पद्धतीत प्रत्येक टाक्याला धाग्याचे संपूर्ण टोक फासातून ओढून घ्यावे लागते, त्यामुळे टोक ओढले तरी वीण सुटत नाही. दोन सुयांच्या विणकामात टोक कधीच फासातून जात नाही, फक्त धाग्याचा एक फास दुसऱ्यातून वर येतो, आणि म्हणून संपूर्ण वस्त्र पुन्हा एका अखंड धाग्यात परत जाऊ शकते. एकाच आकडेदार सुईने विणायच्या क्रोशात तर एका वेळी एकच फास मोकळा असतो, त्यामुळे ते सर्वांत सहज उसवते आणि हवे तेथे थांबवताही येते. ज्याला सुया पाहूनच भीती वाटते त्याने क्रोशापासून सुरुवात करावी, असे मी म्हणते ते याच कारणाने.

शिवणाच्या यंत्राचीही हीच कथा आहे. फ्रान्समधील शिंपी बार्थेलेमी तिमोनिए याने 1830 मध्ये पेटंट घेतलेले यंत्र एकाच धाग्याने साखळी टाका घालत असे. पोत्याचे तोंड शिवलेला दोरा योग्य टोकाने ओढला की सर्रकन सुटत जातो, तो हाच टाका. एलियास हाउ याने 1846 मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात वरचा आणि खालचा असे दोन धागे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. आपल्या घरच्या यंत्रावर बॉबिन, म्हणजे खालच्या धाग्याची लहान रिळी, असते ती त्यासाठीच, आणि ती शिवण टोक ओढून सुटत नाही. ती उसवायची तर एका बाजूचा दर तिसरा किंवा चौथा टाका सीम रिपरने, म्हणजे टाके कापण्याच्या लहान टोकदार हत्याराने, कापावा आणि दुसऱ्या बाजूचा धागा अलगद ओढावा, म्हणजे कापड ताणले जात नाही. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर असेल तर एका सेंटिमीटरात चार टाके असतात, म्हणजे दर सेंटिमीटरला एकदाच रिपर चालवावा लागतो. हे ठाऊक असलेला नवशिक्या कधीही शिवण फराफर ओढून कापड फाडणार नाही.

परंतु कापडाला एक गोष्ट परत घेता येत नाही, ती म्हणजे कातर. विणकामात चुकलेली लोकर पुन्हा लोकर होते. कापलेले कापड मात्र पुन्हा सलग होत नाही. या एका फरकावर माझे सगळे म्हणणे उभे आहे. शिवणातल्या चुका कातरीच्या आधी व्हाव्यात, म्हणून कापण्यापूर्वी सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, नाहीतर भेट दिल्यानंतर पहिल्याच धुण्यात ते आकसते आणि शिवण गोळा होते. कडेला दीड सेंटिमीटर शिलाई सोडावी. कापडाचे उभे-आडवे धागे पाहून माप सरळ लावावे, कारण पिशवी तिरप्या धाग्यावर कापली गेली तर भार पडताच ती एका बाजूला ओढली जाते. आणि कापलेले भाग यंत्राखाली जाण्याआधी धावदोऱ्याने कच्चे जोडून, सुलट करून पाहावेत. कच्चा टाका वेळ खातो असे सांगणारे मला पुष्कळ भेटले आहेत. तो टाका परत घेता येतो, आणि नवशिक्याला वेळेपेक्षा हीच सोय अधिक हवी असते, असे माझे मत आहे.

दुसरी चिठ्ठी आली, आणि मूळ प्रश्नाला अजून हातच लागलेला नाही. क्षमा असावी, आता भराभर सांगते.

विणकामातली पहिली भेट मफलर असावी, आणि ती दोन्ही बाजूंनी फक्त सुलट टाक्यांची असावी. एका बाजूने सुलट आणि दुसऱ्या बाजूने उलट विणलेल्या सपाट तुकड्याच्या कडा गुंडाळल्या जातात. केवळ सुलट ओळींची वीण सपाट राहते. लोकर फिकट रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाड घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवताना तंतू एकमेकांत गुंततात. सुया पाच मिलिमीटरच्या घ्याव्यात, मात्र विकत घेताना क्रमांक मिलिमीटरमध्ये आहे की जुन्या पद्धतीचा हे पाहावे, कारण जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते, आणि त्या पद्धतीत 8 म्हणजे चार मिलिमीटर. 10 सेंटिमीटरांत 16 टाके आणि 32 ओळी पडत असतील तर 20 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलरीला 32 टाक्यांच्या 480 ओळी, म्हणजे 15,360 टाके लागतात. मिनिटाला 20 टाके पडले तर जवळजवळ 13 तास. भेट देण्याचा दिवस धरून मागे मोजा आणि उसवण्यासाठी त्यात निदान तीन-चार तास वाढवा.

दर 40 ओळींनंतर वेगळ्या रंगाचे सूत सुईवरच्या सर्व टाक्यांतून ओवून ठेवावे. पुढे चूक झाली तर सुई काढून बिनधास्त ओढत यावे. वीण त्या सुताशी येऊन थांबते. मधला एखादा टाका निसटून खाली गेला असेल तर सगळे उसवण्याची गरज नसते, क्रोशाच्या सुईने त्याला एकेक पायरी वर आणता येते.

टोपी दुसऱ्या क्रमांकावर, कारण तिला डोक्याचे माप लागते आणि नमुना विणल्याशिवाय ती जमत नाही. स्वेटर आणि पायमोजे पुढच्या वर्षी.

शिवणात प्रथम दुहेरी दुमडीचा, हाताने शिवलेला रुमाल, मग उशीचा अभ्रा, मग अस्तराची पिशवी. यांपैकी एकही वस्तू कोणाच्या अंगाला बसावी लागत नाही, म्हणून अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी भेट वाया जात नाही. मखमल, रेशीम आणि चामडे पहिल्या वर्षी टाळावे, कारण त्यांत सुईची भोके राहून जातात. सुती कापडाची भोके मात्र ओल्या इस्त्रीने बरीच मिटतात. यंत्राची सुई 80 क्रमांकाची असावी. तो आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो.

भेटीसोबत धुण्याची सूचना हाताने लिहून द्या. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, आणि गरम पाण्यात चोळल्यास ते एकमेकांत अडकून वीण नमद्यासारखी घट्ट होते; ती चूक पुढे कोणालाच उसवता येत नाही. आणि त्याच लोकरीचा दोन-तीन मीटर धागा गुंडाळून सोबत द्या, म्हणजे कधी भोक पडले तर घेणाऱ्याला ते बुजवता येईल.

बाहेर टेबलावर 20 टाक्यांचे लहान तुकडे ठेवले आहेत, सुईसकट. प्रत्येकात मी मुद्दाम एक चूक विणली आहे. जाताना एकेक उचला, चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधा, शेजारच्याला मोठ्याने सांगा, आणि मग तेथपर्यंत उसवा.