फुरसं, घोडा आणि उसनी प्रतिपिंडं

मंडळी, नमस्कार. देवगड असो वा लांजा, कातळावर राहणाऱ्याला फुरसं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गडग्याच्या चिऱ्यांत हा हातभर लांबीचा विषारी साप, हे जनावर, वेटोळं घालून बसतं आणि अंगावरचे खवले घासून करकरतं. तेवढी सूचना तरी देतं बिचारं! त्याचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवतं. मग जखमेतून, हिरड्यांतून रक्त वाहतं ते थांबत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना दोन वर्षांपूर्वी ते चावलं होतं, तेव्हा दवाखान्यात सापाचं इंजेक्शन घेतलं होतं. परवा म्हणाले, "आता परत चावलं तरी काय नाय. लस झालीय माझी!" काकांच्या या बोलण्यावरच आजचा विषय सुचला.

शरीर ज्याला परकं म्हणून ओळखतं, तो प्रतिजन. जंतूच्या अंगावरचा तुकडा असेल, विषातलं प्रथिन असेल. आपल्या रक्तात असंख्य बी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, फिरतात आणि प्रत्येकीला एकच ठरावीक आकार ओळखता येतो. जिला समोरचा प्रतिजन जुळला, ती भराभर वाढते. तिच्या काही लेकी प्रतिपिंडं, म्हणजे त्या प्रतिजनाला चिकटणारी प्रथिनं, सोडतात, काही ती ओळख जपून मागे राहतात. पण याला आठवडाभर तरी लागतो, आणि फुरसं तेवढी सवड देत नाही.

म्हणून हे काम घोड्याकडून आधीच करून घेतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष त्याला अगदी थोडं थोडं, वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शुद्ध करून कुपीत भरतात. हेच ते सापाचं इंजेक्शन. आपल्याकडचा चापडा हाही विषारी साप, पण त्या चौघांत नाही, म्हणून त्याच्यावर या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

तेव्हा काका, ती लस नव्हती. प्रतिपिंडं घोड्याची होती, काही दिवसांत संपली. ओळख घोड्याकडेच राहिली.

आणखी एक गंमत. घोड्याचं प्रथिनही आपल्या शरीराला परकंच, म्हणजे तोही प्रतिजन! त्यामुळे अंगावर गांधी उठतात, कधी रक्तदाब कोसळतो. म्हणून हे औषध दवाखान्यातच, अ‍ॅड्रेनालिन हे असा झटका सावरणारं औषध हाताशी ठेवून देतात. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला, सांधे धरले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि सापाचं इंजेक्शन घेतलं होतं हे आधी सांगा.