शहापूरच्या पाड्यावरची छत्री

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, डेटा सेंटरच्या उंच, बिनखिडक्यांच्या इमारती.)

ऐरोलीपासून महापेपर्यंत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. हा ठाणे जिल्हा. शहापूर-मुरबाडकडे, सह्याद्रीच्या कड्याखाली, रेशन दुकानदार ई-पॉस मशीन (ग्राहकाचा अंगठा पडताळणारं यंत्र) हातात धरून रेंजसाठी टेकाड चढतो. तोही ठाणे जिल्हाच.

भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची तार मुळात ग्रामपंचायतीसाठी आखलेली. पंचायतीखालचे पाडे मात्र डोंगरात विखुरलेले. तिथवर चर खणायचा तर जमीन बहुतेक वनखात्याची आणि मातीखाली काळा पाषाण. तार खांबांवरून नेली तर पावसाळ्यात फांदी पडून तुटते. टॉवर उभारला तरी त्याला मागून जोड लागतेच, आणि समोर डोंगराची सोंड आली की मायक्रोवेव्हची, म्हणजे टॉवर ते टॉवर रेडिओलहरींची, वाटही बंद होते. अशा जागी आकाशातून, म्हणजे छत्री (डिश अँटेना) बसवून उपग्रहाकडून, इंटरनेटची जोड घेणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

(दृश्य: शाळेचा स्लॅब. तंत्रज्ञ होकायंत्र आणि कोनमापक घेऊन.)

जीसॅट-११ हा इस्रोचा ५,८५४ किलोंचा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेला. विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशाशी तो स्थिर असतो. म्हणजे शहापूरहून पाहिलं तर जवळजवळ थेट दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६७ अंश वर, डोक्यावरच म्हणा. कड्याच्या पायथ्याच्या पाड्यालाही तो दिसतो, याचं कारण हेच. दक्षिणेला अगदी खेटून आंबा किंवा साग नसला म्हणजे झालं.

छत्री पाहून मात्र फसायला होतं. हिचा फीड, म्हणजे सिग्नल घेणारं-सोडणारं तोंड, मध्यावर नसून खालच्या बाजूला सरकवलेला, ऑफसेट असतो. ऑफसेट २२ अंशांचा असेल, तर ६७ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघणारी छत्री प्रत्यक्षात ४५ अंशच कललेली दिसते. ‘अजून वर करा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

१.२ मीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम सव्वा अंशाचा. वरची कड खालच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर सरकली की अर्धा अंश चुकला, आणि हबकडे (उपग्रहाच्या पलीकडच्या, जमिनीवरच्या मुख्य केंद्राकडे) जाणारी साधारण एक तृतीयांश ताकद गेली. म्हणून छत्री पत्र्यावर किंवा कौलांच्या वाशाला कधीच लावायची नाही. काँक्रीटचा स्लॅब हवा, नाहीतर जमिनीत फाउंडेशन घेऊन ओळंब्यात उभा केलेला पाइप. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात या छत्रीवर ६० किलोंच्या आसपास जोर येतो. जंगलाच्या कडेला वानरंही तिच्यावर बसतात. त्यामुळे नट आवळून झाल्यावर रंगाची रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की छत्री हलली.

दिशा जुळली की क्रॉसपोल तपासणी. उपग्रहावर एकाच वेळी आडव्या आणि उभ्या कंपनाच्या (ध्रुवणाच्या) लहरी चालतात. फीड फिरवत फिरवत आपला सिग्नल शेजारच्या ध्रुवणात सांडत नाही ना, हे हबचा माणूस फोनवरून सांगतो. पण इथे फोनला रेंज नाही, म्हणून तर छत्री बसवायची! तेव्हा पाड्यावर जाताना ही तपासणी आपोआप करणारा मोडेमच न्यावा. नाहीतर एक तंत्रज्ञ छत्रीपाशी आणि दुसरा टेकाडावर, असा ओरडाओरडीचा खेळ दिवसभर चालतो.

(दृश्य: अगदी जवळून, केबलचा उघडलेला जोड.)

आता हे नीट पाहा. मधली तार काळवंडली आहे, जाळीवर पांढरी भुकटी जमली आहे. याच केबलमधून सिग्नलबरोबर वरच्या उपकरणांना डीसी वीजही जाते. जोडात पाणी शिरलं की त्या विजेमुळे धातू झपाट्याने गंजतो. पावसाळ्यातल्या तक्रारी ऐकून लोक आकाशाला दोष देतात, पण दोष अनेकदा एवढ्याशा जोडात असतो. उपाय सोपा आहे. स्वतःला चिकटणारी रबरी टेप जोडावर ओढून गुंडाळायची, खालून वर. कौलं शाकारताना जशी खालची आधी, वरची नंतर, तशी. मग पाणी थरावरून ओघळतं, आत जात नाही. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

पावसाचा खरा त्रासही आहेच. या छत्रीचा सिग्नल केयू बँड या लहरींच्या पट्ट्यात चालतो; त्यातली लहर दोन-अडीच सेंटिमीटरची. पावसाचे टपोरे थेंब तिची ऊर्जा शोषतात, विखुरतात. भुरभुर पावसाने काही बिघडत नाही. जुलैतली दाट सर आली की आधी वर जाणारा सिग्नल ढासळतो. चांगला मोडेम लगेच लाइन तोडत नाही. तो वेग उतरवतो, आणि सर ओसरली की पुन्हा चढवतो. केए बँड या आणखी आखूड लहरींच्या पट्ट्यात हाच त्रास कितीतरी जास्त, म्हणून इथल्या पावसात केयूला पसंती द्यावी. पाड्यावर ऊन असतानाही कधी लाइन मंदावते, कारण पाऊस हबवर पडत असतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी साडेबारा-पाऊणला लाइन मिनिटांपुरती जाते. सूर्य तेव्हा बरोबर उपग्रहामागे येतो. त्या वेळी छत्रीला हात लावू नये.

(दृश्य: बॅटरी, पॅनेल, भिंतीवरचा मोडेम.)

मोडेम आणि छत्रीवरचा संच ५० वॅट, वायफाय १० वॅट. आठ तासांना ४८० वॅट-तास, इन्व्हर्टरची गळती धरून ६००. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी १,८०० वॅट-तासांची, पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही. म्हणजे हाती ९०० उरतात. गावातली वीज दिवसभर गेली तरी भागतं. फक्त सौरवर अवलंबून राहायचं तर जुलैचा अंधारलेला आठवडा धरून पॅनेल घ्यावं, मेमधलं ऊन बघून नव्हे.

लाइन १० एमबीपीएसची. दहा जणांनी साधे व्हिडिओ लावले की ती भरली. ई-पॉसवर अंगठा पडताळायला मात्र काही किलोबाइट पुरतात. म्हणून राउटरमध्ये रेशन, आरोग्य उपकेंद्राचा व्हिडिओ कॉल आणि शाळा यांना आधी वाट द्यायची, मनोरंजन रात्री. हा क्रम ग्रामसभेतच ठरवावा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडणं लागतात. सिग्नल एवढ्या उंचीवर जाऊन येतो, म्हणून या लाइनवरून केलेल्या फोनवर पलीकडचं उत्तर अर्ध्या सेकंदाहून उशिरा येतं, तेव्हा वाक्य संपवून थांबायचं. व्हीपीएन (डेटा कुलूपबंद करून पाठवणारी सोय) लावला की आणखी मंद, कारण मोडेमची वेग वाढवण्याची युक्ती कुलूपबंद डेटावर चालत नाही.

खालच्या कक्षेतले उपग्रह हा उशीर मोडतात. वनवेब या कंपनीचे १,२०० किलोमीटरवर, स्टारलिंकचे सुमारे ५५० वर. वनवेबचे ३६-३६ उपग्रह इस्रोनेच ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडले. पण हे उपग्रह सतत धावते. त्यांना आभाळाचा एकच ठिपका नव्हे, सगळीकडे मोकळं आभाळ लागतं, आणि कड्याखाली नेमकं तेच नसतं.

(दृश्य: मोडेमशेजारची भिंत, त्यावर खडूने लिहिलेला आकडा.)

बसवून झाल्यावर निरभ्र दुपारी मोडेमवरचा सिग्नलचा आकडा तारखेसह भिंतीवर लिहून ठेवावा. पावसात तो उतरला तर सर जाईपर्यंत थांबायचं. आभाळ स्वच्छ असून उतरला तर आधी जोड सोलून बघायचा, मग रंगाची रेघ, आणि त्यानंतरच टेकाडावर जाऊन हबला फोन लावायचा.