जुनी इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी

मंडळी, जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा मला एकच धास्ती होती, मोठी बॅटरी गेली तर? प्रत्यक्षात पहिल्यांदा अडलो ते गाडीतल्या दुसऱ्या, बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीमुळे. आदल्या रात्री मोठ्या बॅटरीचा सत्तर टक्के चार्ज दिसत होता. सकाळी बटण दाबलं, डॅशबोर्ड क्षणभर मिणमिणला आणि विझला. एरवी सीटखाली ‘टक्’ असा आवाज येतो, तो आलाच नाही. तो आवाज कॉन्टॅक्टरचा. मोठ्या बॅटरीची, म्हणजे पॅकची, वीज गाडीला जोडणारा हा स्विच छोट्या बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालतो. छोटी बॅटरी मेली की मोठीतली वीज आतच अडकून राहते. ही छोटी बॅटरी वेळेवर बदला, गाडी दारात उभी राहायची वाट पाहू नका.

आता मोठ्या पॅकविषयी. इथे विदर्भात ऊन हा पहिला शत्रू. निसान लीफ २०१०च्या अखेरीस आली, तिच्या पॅकला पाण्याने थंड करायची सोय नव्हती. २०१२मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात अनेकांच्या गाड्यांची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, झपाट्याने घटल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून मी आधी विचारतो, पॅक थंड कसा होतो? गाडी भर उन्हात शंभर टक्के चार्ज करून उभी असायची का? किलोमीटर किती झाले, हे नंतर.

वॉरंटीची तारीख कागदावर बघा. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये आली, बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे पहिल्या गाड्यांची मुदत २०२८मध्ये संपते, किलोमीटर जास्त झाले असतील तर त्याआधीच.

मुदत संपल्यावर काय होतं, ते मी मित्राच्या गाडीत पाहिलं. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, अख्खा पॅक बदला. आकडा ऐकून तो गाडी भंगारात द्यायला निघाला होता. शेवटी एका तरुण कारागिराने पॅक उतरवला. आधी पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, हातात रबरी मोजे, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना लगेच हात लावला नाही, साठलेली वीज उतरू दिली. मग मीटरने पॅकमधला एकेक सेल, म्हणजे छोटा बॅटरी घटक, तपासला. ३.९२, ३.९१, ३.९२... आणि एका ठिकाणी ३.६० व्होल्ट. सेल एकामागे एक जोडलेले असतात. जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, तसं त्या एका सेलपायी सगळा पॅक रिकामा असल्यासारखा वागत होता. कारागिराने तो सेल असलेलं तेवढंच मॉड्यूल, म्हणजे सेलचा गठ्ठा, बदललं, पण ते बाकीच्यांच्या व्होल्टेजला आणल्यावरच जोडलं. त्यात दोन दिवस गेले.

हे काम येणारी माणसं आज फार थोडी आहेत, याची मला खरंच काळजी वाटते. आपल्या आयटीआयमधल्या मुलांसमोर उघडा पॅक ठेवून हे शिकवायला हवं. आणि तुम्ही गाडी बघायला जाल, तेव्हा किंमत बोलण्याआधी आपल्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत पॅक उघडणारा कोण आहे, ते शोधून ठेवा.