हिरवं बोंड

(दृश्य : कपाशीचं वावर, सकाळचं दव. बाबांच्या हातात एक हिरवं बोंड.)

वरून पाहिलं तर या बोंडात काही खोट नाही. बाबा ते दोन्ही अंगठ्यांनी फोडतात. आत सरकी पोखरलेली, आणि एक गुलाबी अळी. ती आत शिरली तेव्हाचं भोक बोंडानं स्वतःच बुजवून टाकलं. आता वरून कितीही फवारा, थेंब तिच्यापर्यंत जात नाही.

2002 साली बीटी कापूस आला, तेव्हा ही अळी पऱ्हाटी खाल्ली की मरायची. मग 2017 चा हंगाम आला, आणि विदर्भातली बोंडं आतून पोखरून निघाली. अळी एवढी हुशार कशी झाली, असं मी बाबांना विचारलं होतं.

"हुशार काईची बे? ज्या मेल्या त्या गेल्या. ज्या नाई मेल्या, त्याइचीच पैदास रायली."

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल मला याहून नेमकं वाक्य अजून सापडलेलं नाही.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचं अस्तर.)

आतड्याच्या अस्तरात एखादा मोड, म्हणजे पॉलिप, येतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तोवर शरीराची जागल चालूच असते. जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे दारात मांडून ठेवते, आणि टी-पेशी, म्हणजे रक्तातली पहारेकरी पांढरी पेशी, दारोदार फिरून ते तपासते. अनोळखी तुकडा दिसला, की त्या पेशीला संपवते. उरतात त्या, ज्या तिच्या हाती लागल्या नाहीत. काहींची तर दारातली चौकटच मोडलेली असते. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे इवलंसं प्रथिन बनत नाही, चौकट उभी राहत नाही, तपासायला काही उरतच नाही.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट. टी-पेशीवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो. तो आपल्याच भल्याचा. जागल्यानं घरच्याच ढोरांवर काठी चालवू नये म्हणून. आतड्यात तर तो हवाच, कारण तिथं रोज अन्न येतं आणि अब्जावधी जिवाणू कायमचे मुक्कामाला. कॅन्सरच्या पेशी, आणि गाठीतल्या त्यांच्या शेजारणीही, अंगावर पीडी-एल1 आणतात आणि तोच ब्रेक दाबतात. जागल्या समोर उभा, काठी हातात, पण हात उचलत नाही. काही गाठींभोवती तर तंतूंचं असं दाट कुंपण होतं, की टी-पेशी धुऱ्यावरच अडकून पडतात.

पीडी-1 चा शोध 1992 चा, जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेतला. 2018 चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना मिळालं. ब्रेक सोडवणारी औषधं आली. महागडी आहेत, पण मेख वेगळीच आहे. शंभरातल्या पंधराएक गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली असते. त्यांच्या दारात अनोळखी तुकड्यांचा नुसता ढीग, त्यामुळे टी-पेशी आधीच गोळा झालेल्या. तिथं ब्रेक सुटला की काम होतं. दूरवर पसरलेल्या आजारात हे प्रमाण शंभरी पाचांवर येतं. बाकीच्या बहुतेक गाठींत जागल्या वावरात पोचलेलाच नसतो. त्याचा ब्रेक सोडून काय होणार?

(दृश्य : मेणाचा लहानसा ठोकळा, त्यात गाठीचा तुकडा.)

गाठ यातली कोणती, ते या तुकड्यावरून कळतं. पातळ काप काढून या दुरुस्तीची चार प्रथिनं शोधतात. एखादं नसलं, तर दुरुस्ती बंद आहे असं समजतात. पण हा तुकडा निघायला माणूस आधी सेवाग्रामच्या नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात पोचायला हवा. गावात शौचावाटे रक्त पडलं की ती मूळव्याधच ठरते, आणि झाडपाल्यात एक अख्खा हंगाम निघून जातो.

(दृश्य : पुन्हा वावर.)

एकरी वीस बोंडं फोडायची, दोन किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली. बाबा तासातून पुढं सरकतात, आणखी एक बोंड फोडतात. हे दुसरं.