गोड्या पाण्यातली होडी आणि नागपूरचं ऊन

नमस्कार. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. होडीच्या सामानाचे जेवढे कॅटलॉग तुम्ही पाहता, मोबाइलवर जेवढे व्हिडिओ पाहता, ते सगळे समुद्रासाठी बनलेले असतात. मिठाने काय गंजतं, लाटेने काय तुटतं, असं सगळं त्यात. आपल्याकडून मुंबईला जायचं तर नुसता समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा आहे. आपण होडी घालणार रामटेकजवळच्या खिंडसी तलावात, नाहीतर एखाद्या धरणाच्या फुगवट्यात. मीठ आपला शत्रू नाहीच. आपले शत्रू म्हणजे ऊन, गाळ, जलपर्णी आणि पावसाळ्याचे चार महिने घराच्या मागे पडून राहणं. सामान घेताना आणि सांभाळताना हे डोक्यात ठेवलं तर निम्मा खर्च वाचतो.

पण एका बाबतीत आपलं पाणी समुद्रापेक्षा जास्त धोक्याचं आहे. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण 1025 ग्रॅम भरतं, आपल्या तलावाचं 1000. सत्तर किलोचा माणूस पूर्ण पाण्यात असेल तर समुद्र त्याला आपल्या तलावापेक्षा पावणेदोन किलो जास्त उचलून धरतो. बुडणाऱ्याचं डोकं वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो, तेव्हा पावणेदोन किलो म्हणजे थोडं नाही. गोव्याला मस्त तरंगलो होतो, मला लाइफ जॅकेट कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी हा हिशोब सांगतो.

आता जॅकेटचंच बोलू, कारण पहिला पैसा तिथेच घालायचा. लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो, 50, 100, 150. दहा न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलोचा उचल. 50 वालं ज्याला पोहता येतं आणि मदत हाकेच्या अंतरावर आहे त्याच्यासाठी. वल्हं मारायला ते मोकळं पडतं, म्हणून कयाकवाले तेच घेतात, ठीक आहे. पण पाहुणे बसवायचे, लहान पोरं, साडी नेसलेल्या काकू, तर 100 च्या खाली जाऊ नका. जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. लहान मुलांसाठी पायांमधून जाणारा पट्टा हवाच हवा.

आपोआप फुगणारी जॅकेटं आता ऑनलाइन मिळतात. दिसायला छान, अंगाला हलकी. माझं मत विचाराल तर आपल्याकडे फोमचंच बरं. फुगणाऱ्या बहुतेक जॅकेटात पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की सुई सुटते आणि गॅसचं नळकांडं फुटतं. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ती गोळी कपाटातच मऊ पडते. शिवाय दर हंगामाला नळकांडं वजनकाट्यावर ठेवून त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहायचं असतं. हे कोण करतं? फोमचा त्रास एकच, लोक त्याची गादी करून बसतात. फोम चेपला की त्याचा उचल गेला. हंगामाच्या सुरुवातीला गुडघाभर पाण्यात जाऊन अंगावर घालून पाहा, दुसरं माणूस शेजारी ठेवून. शिवण ओढून पाहा. उन्हात वर्ष-दोन वर्षं टांगलेल्या जॅकेटचा केशरी रंग फिका पडलेला असेल तर धागाही तेवढाच म्हातारा झालाय असं समजा.

जुलै 2017 मध्ये वेणा जलाशयात होडी उलटून तरुण मुलं गेली, इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

हवा भरायच्या होडीकडे येऊ. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि वस्त्यांमध्ये बचाव पथकांच्या रबरी होड्या फिरल्या, तेव्हापासून आपल्यालाही अशी एक असावी असं पुष्कळांना वाटायला लागलं. घ्या, हरकत नाही. गाडीच्या डिक्कीत मावते, फ्लॅटमध्ये राहते. पण तिला नागपूरचा मे महिना सोसत नाही. सकाळी 28 अंशांना तुम्ही पंपाने 0.25 बार हवा भरली. होडी काठावर ठेवून तुम्ही डबा खायला बसलात, आणि गडद रंगाच्या नळीतली हवा तापून 60 अंशांवर गेली. बंद नळीत हाच दाब 0.38 बारच्या आसपास जातो, म्हणजे दीडपट. कापड थोडं ताणतं म्हणून आकडा जरा खाली राहील, पण सांधे गोंदाने चिकटवलेले असतील तर गरम झालेला गोंद आणि दीडपट दाब एकाच वेळी, मग सांधा उकलणारच. उलटंही होतं. भर दुपारी टणक भरलेली होडी पाण्यात टाकली की दहा मिनिटांत मऊ पडते आणि लोकांना वाटतं पंक्चर झाली. भोक शोधत बसू नका. पाण्यात गार होऊ द्या, मग वरून हवा भरा. बाहेर काढलीत की थोडी सोडा. आणि काहीही झालं तरी सावली शोधा, बाभळीची का होईना.

अशा होडीच्या कापडात पीव्हीसी स्वस्त आणि हायपालॉन, म्हणजे एक प्रकारचं रबर, महाग. वर्षभर उघड्यावर ठेवणार असाल तर महागाचं घ्या. घडी घालून घरात ठेवणार असाल तर पीव्हीसीवर भागतं, फक्त घडी करण्याआधी पूर्ण कोरडी करा.

दोरीचा विषय लोक हसण्यावारी नेतात. इतवारीत जाऊन नायलॉनची दोरी द्या म्हणालात तर बऱ्याचदा हातात येते ती पॉलिप्रॉपिलीन. घरी येऊन तुकडा पाण्याच्या ग्लासात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. वाईट कुठलीच नाही, काम वेगळं. पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरी तरंगलीच पाहिजे, तिथे पॉलिप्रॉपिलीन. नांगराची दोरी बुडली पाहिजे आणि झटका बसला की ताणली पाहिजे, तिथे नायलॉन. काठाला कायम बांधून ठेवायची असेल तर पॉलिएस्टर, ते उन्हात जास्त टिकतं. पॉलिप्रॉपिलीन उन्हात राहिलं की हाताला भुकटी लागते. भुकटी लागली की टाकून द्या, कपडे वाळत घालायलाही ठेवू नका.

नांगराची दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडायची. इथे आपली एक गंमत आहे, जलाशयाची खोली ऑक्टोबरात एक आणि सिंचनाला पाणी सोडलं की मेमध्ये भलतीच. तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, नांगर अडकतो. म्हणून नांगराच्या डोक्याला दुसरी बारीक दोरी बांधून तिच्या टोकाला रिकामी बाटली सोडा. अडकला तर त्या बाजूने ओढा, सुटतो. त्या तलावात डोंगा चालवणाऱ्या ढीमर बांधवांना आधी विचारा. खुंट कुठे, जाळी कुठे, दुपारचा वारा कुठून सुटतो, हे कुठल्याही नकाशात नसतं.

मोटर. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायची मोटर, घेतली की खाली एक धातूचा ठोकळा असतो, तो स्वतः झिजतो आणि मोटरला गंजू देत नाही. किनाऱ्यावरून आलेल्या मोटरला तो बहुधा जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा थर चढतो आणि ते काम करणं सोडतं. ठोकळा नवाकोरा दिसतो म्हणून आपण खूश, आणि झिजतो तो मोटरचा ॲल्युमिनियम. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा लावा. तोच मॅग्नेशियमचा घेऊन समुद्रात गेलात तर भराभर विरघळेल, तेही लक्षात असू द्या.

मोटरच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर डोळा ठेवायची सवय लावा. धार बंद म्हणजे थंड करणारं पाणी बंद. आपल्याकडे कारण बहुतेक वेळा जलपर्णीची मुळं, नाहीतर काठाच्या बेशरमीची पानं. लगेच बंद करा, तोंड साफ करा. हे पाणी खेचणारा आतला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, पाण्याशिवाय मिनिटभरही चालवू नका, जळतो. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो, वर्षा-दोन वर्षांनी बदलाच, किंमत फार नाही. पंख्यामागे मासेमारीचा तंगूस गुंडाळला जातो, सील कापतो आणि पाणी आत शिरतं. मग गिअरचं तेल चहासारखं दुधाळ येतं. तसं दिसलं की मिस्त्री गाठा.

कोणीतरी मघाशी पेट्रोलचं विचारलं. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा 10 ची आहे. त्यातून इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत ठेवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोक असेल, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागणारी मोटर, तर हा तळाचा थर म्हणजे जवळपास बिनतेलाचं इंधन, आणि मोटर सुरू केल्यावर आधी तेच ओढलं जातं. पिस्टन धरतो. म्हणून जूनच्या आधी टाकी रिकामी, कार्बोरेटर रिकामा. तेल मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच बनवा. रबरी नळ्या दर वर्षी वाकवून पाहा, भेगा दिसल्या तर बदला.

ट्रेलरवाल्यांसाठी एकच. नागपूरहून रामटेकपर्यंत आलात की चाकांचे हब तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, बेअरिंग जातं. अर्धा तास थांबा, चहा प्या, मग उतरवा.

आणि हो, मोटर लावली की ती यांत्रिक नौका झाली. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात अशा नौकेची तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. होडी घेण्याआधी त्याची चौकशी करा, घेतल्यावर नको. बाकी ज्यांना दोरीचे तुकडे ग्लासात टाकून पाहायचेत त्यांनी पुढे या, तिन्ही आणलेत.